रेव्हन एवढा हुशार का, आणि त्याच्या शेजारी राहायचं कसं

रेव्हनबद्दल बोलणाऱ्यांचे साधारण दोन गट पडतात. एक गट व्हिडिओ बघणाऱ्यांचा, त्यांचं म्हणणं काय डोकं आहे राव या पक्ष्याला. दुसरा गट म्हणजे ज्यांच्या गावात रेव्हन खरोखर राहतात ती माणसं, ती म्हणतात एकदा कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावायला विसरा, मग कळेल डोकं म्हणजे काय ते. मला विचाराल तर दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. ज्या हुशारीचं कौतुक होतं तीच हुशारी त्रास देते, आणि ती आली कुठून हे नीट कळलं की त्याच्याबरोबर राहायचं कसं हेही बरंचसं कळतं, म्हणून आधी ते बघू.

ओळख पटकन उरकतो. रेव्हन हा कावळ्यांच्याच घराण्यातला, पण अंगाने चांगलाच दांडगा, वजन किलो-सव्वा किलोच्या आसपास, कधी दीड किलोपर्यंत, आणि पंख पसरले की सव्वा मीटर सहज भरतात. चिमणी, बुलबुल, मैना हे सगळे ज्या भल्यामोठ्या गटात येतात त्या गटातला हा जवळजवळ सगळ्यात मोठा पक्षी. उडताना शेपूट पाचरीसारखी टोकदार दिसते, गळ्याखाली दाढीसारखी लांब पिसं असतात, आणि आवाज काव काव नाही तर खोल, घोगरा, घशातून आल्यासारखा. हवेत एकदम उलटा होऊन दोन सेकंद पाठीवर उडणारा मोठा काळा पक्षी दिसला तर तो बहुतेक हाच. राहतो कुठे तर आर्क्टिकच्या बर्फापासून वाळवंटापर्यंत, आणि हिमालयात सहा हजार मीटरच्या वर गिर्यारोहकांच्या तंबूंभोवतीसुद्धा दिसलाय. भूतानचा तर तो राष्ट्रीय पक्षी, तिथल्या राजाच्या मुकुटावरच त्याचं डोकं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढी मोठी चोच असून रेव्हनला मेलेल्या मोठ्या जनावराचं जाड कातडं फाडता येत नाही. हरीण समोर मरून पडलंय, डोळे आणि तोंड सोडलं तर बाकी सगळं मांस सीलबंद, आणि हा उपाशी. म्हणजे कोणीतरी ते उघडून द्यायला हवं, लांडगा, अस्वल नाहीतर माणूस. रेव्हनचं सगळं जगणं या एका अडचणीभोवती फिरतं. आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसलाच प्रकार, फक्त इथे बीळ खोदणारा तुम्हालाही खाऊ शकतो, त्यामुळे नागोबाला डोकं लावावंच लागतं.

अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमध्ये हे फार छान दिसलं. तिथले लांडगे माणसांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपवून टाकले होते, मग 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले. संशोधकांनी लांडग्यांनी केलेल्या शिकारी मोजायला घेतल्या तर प्रत्येक शिकारीवर सरासरी तिसेक रेव्हन हजर, एका ठिकाणी तर 135. आणि ते नंतर वासाने वगैरे येत नव्हते, ते आधीपासूनच लांडग्यांच्या मागे मागे फिरत होते, लांडगे झोपले की हे झाडावर बसून राहणार, लांडगे उठले की हे निघणार. त्याच लोकांनी मेलेली जनावरं नुसतीच नेऊन ठेवली, लांडग्याशिवाय, तर रेव्हनना त्यातली बरीचशी सापडलीच नाहीत आणि जी सापडली तिथे खाली उतरायची त्यांची हिंमत होईना. म्हणजे लांडगा त्यांच्यासाठी नुसता सुरा नाही, इथे धोका नाही याची खात्रीही तोच देतो.

यातून अजून एक मजेशीर गोष्ट निघते. लेक सुपीरियरमधल्या आइल रॉयल बेटावर लांडग्यांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे, तिथल्या संशोधकांनी 2004 मध्ये असा हिशोब मांडला की मूस, म्हणजे हरणाच्या जातीतलं प्रचंड मोठं जनावर, मारायला दोन लांडगेही पुरतात, पण दोघंच असतील तर त्यांचं पोट भरेपर्यंत रेव्हन एवढं मांस पळवतात की शिकार परवडत नाही, मोठा कळप असेल तर मांस पटापट संपतं आणि चोरी कमी होते. लांडगे टोळी करून का राहतात याच्या उत्तरातला एक तुकडा रेव्हन असू शकतो, हे वाचल्यावर मी तरी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

बरं, लांडग्याला पटवलं म्हणजे झालं असं नाही. खरी डोकेफोड पुढे आहे, ती दुसऱ्या रेव्हनशी.

1984 मध्ये बर्न्ड हाइनरिश नावाच्या जीवशास्त्रज्ञाला अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात एक मेलेला मूस दिसला आणि त्यावर रेव्हनचा घोळका जोरजोरात ओरडत होता. आता विचार करा, हिवाळा, अन्न दुर्मिळ, एवढं मोठं घबाड हाती लागलंय, शहाणा प्राणी ताकास तूर लागू देणार नाही, आणि हे चक्क बोंबलून सगळ्यांना बोलावतायत. असं कोणी का करेल? हाइनरिश पुढची काही वर्षं कडाक्याच्या थंडीत जंगलात मेलेली जनावरं ओढून नेत बसला, झाडोऱ्यात लपून बघत राहिला, पक्ष्यांना खुणा लावल्या, आणि उत्तर सापडलं ते असं. मोठे रेव्हन जोडीने राहतात, जोडी बहुतेक कायमची, आणि प्रत्येक जोडीचा आपला इलाखा असतो. त्या इलाख्यात मेलेलं जनावर सापडलं तर ते त्यांचं, दुसरा कोणी आला की हाकलून देतात. ओरडणारे असतात ते तरुण, ज्यांचं लग्न नाही, घर नाही, इलाखा नाही. एकटा गेला तर मार खाणार, पण दहा-पंधरा जण एकदम गेले तर मालक-मालकीण हात टेकतात. म्हणजे बोंबलण्यात दानधर्म काही नाही, शुद्ध व्यवहार आहे. रात्री ही सगळी पोरं एका झाडीत झोपायला एकत्र येतात, आणि ज्याला काल घबाड सापडलं तो सकाळी ठाम दिशेने निघाला की बाकीचे त्याच्या मागे.

म्हणजे आज जो मित्र तोच उद्या चोर. रेव्हन पोटात मावेल त्यापेक्षा कितीतरी जास्त मांस उचलतो आणि इकडे तिकडे पुरून ठेवतो, आणि पुरताना कोणी बघितलं तर ते गेलंच समजा. त्यामुळे कोण बघतंय, कोणी काय बघितलं, कोणाला काय माहीत आहे, याचा हिशोब सतत डोक्यात चालू. काहीजण तर नुसतंच पुरल्याचं नाटक करतात, चोच मातीत घालायची, वर पालापाचोळा ढकलायचा, आणि आत काहीच नाही.

व्हिएन्नाच्या थॉमस बुगन्यार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर 2016 मध्ये एक प्रयोग छापला, माझ्या मते रेव्हनवरच्या सगळ्या प्रयोगांत हा सगळ्यात देखणा, म्हणून जरा सावकाश सांगतो. शेजारी शेजारी दोन खोल्या, मध्ये खिडकी. खिडकी उघडी आणि पलीकडे दुसरा रेव्हन दिसतोय, तर पहिला घाईघाईने खाणं लपवतो आणि परत त्या जागेकडे फारसा फिरकत नाही, जागा उघड होऊ नये म्हणून. खिडकी बंद असेल तर आरामात लपवतो, परत परत जाऊन नीटनेटकं करतो. इथपर्यंत कोणीही म्हणेल की समोर चोच दिसली की सावध व्हायचं एवढंच तो शिकलाय. मग त्यांनी खिडकीला एक छोटं भोक ठेवलं आणि प्रत्येक रेव्हनला आधी स्वतः त्या भोकातून बघायला शिकवलं, पलीकडे माणूस खाणं ठेवतोय ते भोकातून बघायचं आणि मग जाऊन ते घ्यायचं. आता खरी परीक्षा. खिडकी बंद, पलीकडे कोणीच नाही, फक्त स्पीकरवर रेव्हनचे आवाज. भोक बंद असताना आवाज येऊनही पक्षी निवांत. भोक उघडं असताना मात्र तो अगदी तसाच वागला जसा खिडकी उघडी असताना वागायचा. समोर चोच नाही, डोळे नाहीत, काही नाही. या भोकातून मला दिसत होतं म्हणजे त्यालाही दिसू शकतं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात झालं असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते प्रयोगशाळेत मोजून दाखवलं की हो.

हे सगळं ज्या मेंदूत चालतं तो भरतो साधारण 14 ग्रॅम. पण 2016 मध्येच पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या गेल्या आणि कळलं की पक्ष्यांमध्ये त्या फारच दाटीवाटीने बसवलेल्या असतात, रेव्हनच्या मेंदूच्या पुढच्या, विचार करणाऱ्या भागातच 120 कोटींच्या आसपास. रेव्हनपेक्षा कितीतरी मोठा मेंदू असलेल्या माकडांच्या तोडीस तोड.

दुसरा गाजलेला प्रयोग स्वीडनच्या लुंड विद्यापीठाचा, 2017 चा. पाच रेव्हन, एक पेटी, तिच्यात एक ठराविक दगड टाकला की खाऊ बाहेर येतो. पेटी काढून घेतली, नंतर एका ताटलीत तो दगड आणि बाकी निरुपयोगी वस्तू मांडल्या, आणि पक्ष्यांनी बहुतेक वेळा दगडच उचलून ठेवला, पेटी दुसऱ्या दिवशी सतरा तासांनी येणार असली तरी. एवढंच नाही, आत्ता लगेच छोटा खाऊ घे किंवा नंतर मोठा खाऊ मिळवून देणारी वस्तू घे असं ठेवलं तरी बहुतेकदा वस्तू घेतली. पेपरमध्ये मथळे आले की रेव्हन भविष्याचं प्लॅनिंग करतात. खरं सांगायचं तर यावर वाद आहे, 2018 मध्ये एका संशोधकाने कॉम्प्युटर मॉडेल करून दाखवलं की कुठलंही प्लॅनिंग न करता, नुसत्या सवयीने शिकूनही असा निकाल येऊ शकतो. मला स्वतःला तो अमुक वर्षांच्या मुलाएवढी अक्कल वगैरे प्रकार आवडत नाही, रेव्हनला मुलाचा अभ्यासक्रम पास करायचाच नाहीये, त्याला लांडग्याच्या जबड्याखालून मांस काढायचंय.

आणि इथेच माणूस येतो. रेव्हनच्या नजरेने बघितलं तर आपण कोण? मोठी, धोकादायक, टोळीने फिरणारी, जनावरं मारणारी आणि अर्धवट टाकून पुढे जाणारी जात. म्हणजे लांडगाच. फक्त आपण टाकतो जास्त.

जुन्या गोष्टींमध्ये रेव्हन एवढा का येतो याचं निम्मं उत्तर मला यातच दिसतं. सैन्य निघालं की रेव्हन मागे यायचे, लढाई झाली की मैदानावर उतरायचे, लोकांनी उलटा अर्थ काढला की हा मरण घेऊन येतो. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या ओडिन देवाचे दोन रेव्हन, हुगिन आणि मुनिन, रोज जगभर फिरून येऊन त्याच्या कानात बातम्या सांगतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्लिंगित आणि हैदा लोकांच्या कथेत तर रेव्हनने पेटीत कोंडून ठेवलेला उजेड चोरला आणि जगाला दिला, म्हणजे जगात प्रकाश आला तोच मुळी चोरीतून. ज्या लोकांनी हा पक्षी रोज जवळून बघितला त्यांनी त्याला देव, चोर आणि विदूषक तिन्ही एकदम केलं, आणि ते निरीक्षण म्हणून एकदम बरोबर आहे.

टॉवर ऑफ लंडन या लंडनमधल्या जुन्या किल्ल्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, निदान सहा रेव्हन तिथे राहिले नाहीत तर राज्य बुडेल म्हणे. दंतकथा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या काळातली म्हणून सांगतात, पण टॉवरमध्ये पाळीव रेव्हन असल्याचे पक्के पुरावे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचेच मिळतात. तरी आज त्यांच्यासाठी रेव्हनमास्टर म्हणून खास माणूस नेमलेला असतो, कच्चं मांस आणि रक्तात भिजवलेली बिस्किटं असा त्यांचा थाट. आणि एवढं करूनही रेव्हन तो रेव्हनच, 1986 मध्ये जॉर्ज नावाच्या रेव्हनला टीव्हीचे अँटेना कुरतडत बसल्याबद्दल नोकरीतून बडतर्फ करून वेल्समधल्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं, शेरा होता वर्तन असमाधानकारक.

आता गंमत बाजूला. शेजार बिघडतो कसा ते बघायचं तर कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात जावं लागतं. तिथे पूर्वी रेव्हन फार नव्हते, कारण पाणी नाही, खाणं नाही, घरट्याला उंच जागा नाही. मग माणसं आली. रस्ते आले, रस्त्यावर गाडीखाली मेलेले प्राणी आले, कचऱ्याचे डोंगर आले, सांडपाण्याचे तलाव आले आणि विजेचे उंच टॉवर आले. रेव्हनना हवं ते सगळं आपण स्वतः नेऊन दिलं आणि त्यांची संख्या काही दशकांत अनेक पटींनी वाढली. यात मेलं कोण तर कासव. तिथलं वाळवंटी कासव 1990 पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे, आणि पिल्लाचं कवच पहिली काही वर्षं नखासारखं मऊ असतं. रेव्हन वरून चोच मारून भोक पाडतो. एका घरट्याखाली चार वर्षांत अशी भोकं पडलेली दोनशेहून जास्त छोटी कवचं सापडली होती.

उपाय काय केले ते ऐकण्यासारखं आहे. सरसकट मारता येत नाही कारण अमेरिकेत रेव्हनलाही कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मग लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर खोटी कासवाची पिल्लं बनवली, रेव्हनने चोच मारली की त्यातून नकोसा फवारा उडतो, म्हणजे कासव दिसलं की नको रे बाबा असं त्याला वाटावं. हिरवा लेझर वापरून हुसकावून बघितलं. आणि घरट्यातल्या अंड्यांवर ड्रोनने तेल फवारायचा प्रकार आहे, तो मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. अंडी फोडली तर जोडी परत अंडी घालते, पण तेलामुळे आतला जीव गुदमरतो आणि आईला कळत नाही, ती बसून राहते, हंगाम निघून जातो, आणि भरवायला पिल्लंच नाहीत म्हटल्यावर कासवांची शिकारही कमी होते. क्रूर आहे का? आहे थोडं. पण वाळवंटात पाणी आणि कचरा आपण ठेवला नसता तर ही वेळच आली नसती, आणि उघडा कचरा तसाच ठेवून नुसती अंडी फवारत बसणं हे खर्चिकही आहे आणि न संपणारंही.

उलट बाजूही आहे, आपल्या शेजाराचा रेव्हनलाही ताप होतो. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिलं की बंदुकीचा आवाज आला की रेव्हन त्या दिशेने येतात, कारण शिकारी आतडी वगैरे तिथेच टाकून जातात. पण त्या मांसात शिशाच्या गोळीचे बारीक कण असतात. तिथल्याच पक्ष्यांचं रक्त तपासलं तर शिकारीच्या हंगामात जवळपास निम्म्या रेव्हनमध्ये शिसं वाढलेलं, बाकीच्या दिवसांत मात्र शंभरात दोघांमध्ये. तांब्याच्या गोळ्या वापरल्या की हा प्रश्न बराचसा मिटतो, त्याला काही रॉकेट सायन्स लागत नाही.

मग रेव्हन आसपास असतील तर करायचं काय. बुजगावणं, लटकवलेल्या सीडी, घुबडाचा प्लॅस्टिकचा पुतळा, यावर पैसे घालवू नका, दोन-चार दिवस घाबरतात मग त्याच पुतळ्यावर बसतात. चालतं ते एकच, खाणं बंद करणं. घट्ट झाकणाचा डबा, कुत्र्या-मांजराचं खाणं रात्रभर बाहेर न ठेवणं, मेंढ्या असतील तर मेलेलं जनावर आणि मेंढी व्यायल्यावर पडणारी वार लगेच उचलणं, कारण वार खायला आलेला रेव्हनच मग अशक्त कोकराकडे वळतो. यलोस्टोनमध्ये स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या, बॅगांच्या चेन उघडून आतलं सँडविच न्यायला ते शिकलेत, त्यामुळे नुसती चेन म्हणजे कुलूप समजू नका.

हौसेने खायला घालायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. माझं उत्तर नको असंच आहे. तुम्ही घालाल प्रेमाने, पण त्याचा धडा असा की माणसाच्या दारात मिळतं, आणि तो धडा तो तुमच्या शेजाऱ्याच्या दारातही वापरणार. शिवाय मैत्री जशी लक्षात राहते तशी दगाबाजीही. 2017 च्या एका अभ्यासात रेव्हनना पावाच्या तुकड्याच्या बदल्यात चीज द्यायचा सौदा शिकवला, मग एका माणसाने पाव घेतला आणि चीज स्वतःच खाऊन टाकलं, तर महिन्याभरानंतरही बहुतेक पक्षी सौदा करायला सरळ वागलेल्या माणसाकडेच गेले. म्हणून त्रास होतोय म्हणून दगड मारणं, घरट्याशी खेळणं हे तर अजिबात करू नका. ज्यांच्या इलाख्यात तुम्ही राहता ती जोडी पुढची दहा-पंधरा वर्षं तिथेच असू शकते.

आणि वसंतात जमिनीवर धडपडणारं पिल्लू दिसलं, निळसर डोळे, गुलाबी तोंड, उडता येत नाहीये, तर उचलून घरी आणायची घाई नको. घरटं सोडल्यावर काही दिवस ती तशीच असतात आणि आई-बाप वर कुठेतरी बसून तुमच्यावर डोळा ठेवून असतात. कुत्रं बांधा, लांब व्हा. रक्त दिसत असेल किंवा पंख लोंबत असेल तरच जखमी वन्यप्राण्यांचं बघणाऱ्या माणसांना फोन करा.